न विकलेला कॅमेरा

"माणूस उठून गेल्यावर त्याच्याखालची जमीन किती वेळ गरम राहते?"

कर्नलनी हे विचारलं तेव्हा अजून उजाडायचं होतं. अंजनेरीच्या पलीकडे एका उघड्या कातळावर आम्ही चौघं उभे होतो. थंडी मी म्हणत होती. मधोमध तिपाईवर आमचा कॅमेरा आणि त्याला जोडलेला छोटा पडदा. पायवाटेनं एक बाई डोक्यावर पाटी घेऊन निघाली होती. नुसत्या डोळ्यांना ती दिसतही नव्हती, पडद्यावर मात्र शुभ्र दिसत होती. आमचा कॅमेरा उजेडावर चालत नसे, तो ऊब टिपायचा. झुडपाआड, धुक्यात, काळोखात कुठंही जिवंत शरीर असलं की पडद्यावर ते पांढरं उमटायचं आणि आजूबाजूचं गार जग काळं राहायचं.

"छान प्रश्न!" भास्करदादा खूश होऊन म्हणाले. "आजवर एकाही परदेशी पाहुण्यानं हे विचारलं नव्हतं."

भास्करराव बोरस्ते आमच्या कंपनीचे मालक. पण मालकापेक्षा ते कारागीरच जास्त. हा कॅमेरा त्यांनी नाशकात, अंबडच्या वसाहतीतल्या एका शेडमध्ये, पंधरा वर्षं खपून उभा केला होता. त्याच्याबद्दल कुणी नीट काही विचारलं की ते वय विसरायचे.

"सांगत कशाला बसू? दाखवतोच."

त्यांनी अंगातला स्वेटर काढून माझ्या हातात दिला आणि त्या गारढोण कातळावर चक्क उताणे झोपले. साठी उलटलेला माणूस, हात पसरून आकाशाकडे बघत पडलेला. आमचे सल्लागार कीर्तनेसाहेब हसले. "अहो दादा, न्यूमोनिया होईल."

"होऊ द्या. रेवती, पडद्याकडे बघ."

थोड्या वेळानं ते उठून बाजूला झाले. पडद्यावर मात्र ते तिथंच होते. डोकं, खांदे, पसरलेले हात, सगळा पांढरा माणूस कातळावर पडलेला. मग त्याच्या कडा विरायला लागल्या. आधी बोटं गेली, मग हात, मग पाय. पाठीचा भाग बराच वेळ टिकला.

कर्नलनी घड्याळ पाहिलं. "आणि गवतावर? पाल्यापाचोळ्यावर?"

"तिथं वेगळं. पाचोळा चटकन तापतो, चटकन निवतो. पण रात्रभर कुणी झोपलं असेल तर खालची मातीही ऊब धरते. नुसता टेकलेला माणूस आणि मुक्काम केलेला माणूस यांतला फरक शिकून घेतला की कळतो." दादा हातवारे करून सांगत होते. कडा कशा बघायच्या, वारं असेल तर काय, दव पडलं तर काय. कर्नल एकेक गोष्ट पुन्हा विचारून पक्की करत होते. त्यांनी टिपून काहीच घेतलं नाही. ते नुसते ऐकत होते.

मी स्वेटर हातात धरून उभी होते. बाबांचं तेरावं करून मी सरळ कामावर रुजू झाले होते. घरी आई आणि भेटायला येणारी माणसं. कामावर निदान कुणी डोळे पुसत समोर बसत नव्हतं. मला रडू आलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा बाबांना खाली हलवलं होतं आणि आया चादर काढत होती. मी गादीवर हात ठेवला. ती गरम होती की मला तसं वाटलं, ते आजही सांगता येणार नाही. त्यानंतर आतलं सगळं बधिर झालं होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं. त्या पहाटे कातळावरचा तो पांढरा माणूस विरत होता आणि मी पाहत होते, बस्स.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. कर्नलच्या देशाचं नाव मी सांगत नाही. ते कुणाला सांगायचं नाही अशी तेव्हा आम्ही लेखी हमी दिली होती, आणि आता सांगून उपयोगही नाही. समुद्रापलीकडचा एक जंगलांचा देश, एवढं पुरे. सीमेवर तस्करी फार, म्हणून त्यांना कॅमेरे हवे होते. कर्नल उंच, मृदू बोलणारे, तरुणपणी पुण्यात लष्करी शिक्षणासाठी राहिलेले. मिसळ मागवून घ्यायचे आणि "लई भारी" म्हणून आम्हाला हसवायचे. आदल्या संध्याकाळी जेवताना त्यांना कुणाकडून तरी माझ्या बाबांचं कळलं. त्यांनी उठून माझा हात दोन्ही हातांत घेतला होता. माणूस मला आवडला होता.

निर्यातीचं काम माझ्याकडे होतं. हा सौदा करावा की नाही, त्यात धोके कोणते, हे मी दुपारच्या बैठकीत मांडायचं होतं. बैठकीला दादा, हिशेब सांभाळणारे हेमंत निकुंभ आणि कीर्तनेसाहेब. रघुवीर कीर्तने परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले, दोन देशांत राजदूत राहिलेले. आमच्यासारख्या छोट्या कंपनीला दिल्लीची भाषा समजावी म्हणून दादांनी त्यांना सल्लागार नेमलं होतं.

निकुंभांनी आधी त्यांची बाजू सांगितली. त्यांना फार बोलावं लागलं नाही. आपल्या सैन्याची ऑर्डर पूर्ण झाली होती, पुढची निविदा दिल्लीत अडकली होती आणि नवी शेड बांधून रिकामी पडली होती. "ही ऑर्डर मिळाली तर शेड चालू," ते म्हणाले. "नाही मिळाली तर मार्चनंतर निम्म्या लोकांना मी काय सांगू, ते तुम्हीच सांगा."

"रेवती?" दादांनी माझ्याकडे पाहिलं.

"विकू नये असं माझं मत आहे."

निकुंभांनी पेन खाली ठेवलं.

मी कारण दिलं ते धंद्याचं. आमच्या कॅमेऱ्याचं काळीज, म्हणजे ऊब टिपणारी चकती, युरोपातून यायची. ती देताना ते लोक अट घालायचे की त्यांच्या परवानगीशिवाय ती तिसऱ्या देशात जाता कामा नये. उद्या त्या देशात कॅमेऱ्याचा गैरवापर झाला आणि बोभाटा झाला, तर चकत्याच बंद होतील. मग आपल्या सैन्यालाही कॅमेरे देता येणार नाहीत. एका गिऱ्हाइकापायी दुकानच बसेल.

"मुद्दा बरोबर आहे," कीर्तनेसाहेब शांतपणे म्हणाले, "पण त्यावर तोड आहे. ती परवानगी मिळेल. मी बोललोय. कर्नलचं सरकार वापराबद्दलची हमी सही करून द्यायला तयार आहे."

"त्या हमीला काय अर्थ?"

"हमीला कधीच अर्थ नसतो, रेवतीबाई. ती मागितली होती, एवढंच पुढं दाखवायचं असतं." ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "खरा प्रश्न वेगळाय. त्यांच्या शेजारच्या देशात आपली हजारो माणसं आहेत. दुकानं आहेत, गुजराती आहेत, आपले कोल्हापूर-सांगलीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले आहेत. या दोन देशांचं हाडवैर. कॅमेरे भारतानं दिले असं तिकडं कळलं, तर पहिला दगड आपल्याच एखाद्या दुकानावर पडेल. ही झाली एक बाजू."

"आणि दुसरी?"

"दुसरी बाजू अशी की दिल्लीला त्यांचं बंदर हवंय. तिथं दुसऱ्यांनी पाय रोवण्याआधी आपण रोवावेत अशी इच्छा आहे. मला परवा फोन होता. 'आमची हरकत नाही', एवढंच म्हणाले. दिल्ली 'हरकत नाही' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ 'कराच' असा असतो. मात्र बिघडलं तर 'आम्ही कुठं करा म्हटलं होतं?' असं म्हणायची सोय राखलेली असते."

"म्हणजे तुमचं मत काय?" दादांनी विचारलं.

"माझं मत, द्यावेत. दगडाची शक्यता आहे. बंदराची खात्री आहे."

माझं कारण असं अलगद बाजूला ठेवलं गेलं. तिघंही माझ्याकडे बघत होते. आणखी काही आहे का, असं. मग मला जे खरंच म्हणायचं होतं ते म्हणावं लागलं.

"त्यांनी सकाळी विचारलेला प्रश्न," मी म्हटलं. "तस्कर सीमेवर झोपत नाहीत, दादा. ते चालतात. झोपून उठून गेलेली माणसं शोधायचीयत याचा अर्थ काय?"

मग निकुंभ म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. हाच प्रश्न आपल्या सैन्यानं चाचणीच्या वेळी विचारला होता. राजौरीला. तुम्ही होतात."

"होते."

"उत्तर कुणी दिलं होतं?"

"मीच."

"तेव्हा नाही वाटलं काही?"

"नाही."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. आपले ते आपले, एवढंच कारण होतं. ते बैठकीत मांडता येत नाही. कीर्तनेसाहेबांनी माझ्याकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं. घरात नुकतंच दुःख झालंय, म्हणून बाई हळवी झालीय, असं त्यांच्या नजरेत होतं. खरं तर मी त्या दिवसांत जितकी कोरडी होते तितकी आयुष्यात कधी नव्हते. म्हणूनच कदाचित तो प्रश्न मला सरळ ऐकू आला होता.

दादा उठले. "मी त्यांनाच विचारतो," ते म्हणाले.

"काय विचारता?" कीर्तनेसाहेब दचकले. "दादा, असं सरळ विचारायची पद्धत नसते."

"तुमच्यात नसेल. माझा माल आहे."

कर्नल बाहेर, कंपनीच्या आवारातल्या आमराईत खुर्ची टाकून बसले होते. दादांनी स्वतः त्यांच्यासाठी चहा नेला. मला बरोबर घेतलं, कारण दादांचं इंग्रजी अडखळायचं.

"कर्नलसाहेब, जंगलात झोपतं कोण?" दादांनी विचारलं. मी भाषांतर करायच्या आधीच त्यांना 'जंगल' आणि 'झोप' कळलं असावं. त्यांनी कप खाली ठेवला.

"गावातली माणसं," ते म्हणाले. "अंधार पडला की घरं सोडतात, पोराबाळांसकट जंगलात जातात. पहाटे परत येतात. आमची तुकडी पोचते तेव्हा गाव रिकामं असतं."

"का जातात?"

"बंडखोरांना मिळालेत म्हणून."

"सगळे?"

"जे घरात झोपतात ते आमचे. लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस जंगलात का झोपेल?"

"भीतीनं झोपत असतील."

"कुणाच्या?"

कर्नलनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते म्हणाले, "माझा धाकटा भाऊ त्याच जंगलातल्या रस्त्यावर गेला, मिस्टर बोरस्ते. तो शिक्षक होता. सैनिक नव्हता. त्याची सायकल सापडली, तो सापडला नाही." त्यांचा आवाज चढला नाही की कापलाही नाही. मला तो आवाज ओळखीचा वाटला. मीही तेव्हा तशीच बोलत होते. त्यांच्या आतलंही काहीतरी सुन्न होऊन पडलं होतं, फक्त त्याला पुष्कळ वर्षं झाली असावीत.

दादा चहा संपेपर्यंत बसले. मग आत येऊन म्हणाले, "नाही द्यायचे."

निकुंभांनी डोळे मिटले. वाद घातला नाही. हा माणूस एकदा ठरवलं की हलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"ठीक आहे," कीर्तनेसाहेब म्हणाले. "मग निदान माझं एवढं ऐका. नाही म्हणू नका. आमच्या धंद्यात नकार नसतो, उशीर असतो. चकत्या यायला वेळ लागेल म्हणा. दोन वर्षं लागतील म्हणा. तेही समजतील, दिल्लीही समजेल, आणि कुणाचाच अपमान होणार नाही."

तसंच झालं. दादांनी सांगितलं, मी इंग्रजीत सांगितलं. दोन वर्षं. कर्नलनी मान हलवली. कागद नीट गोळा करून बॅगेत ठेवले, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. निकुंभांना "लई भारी" म्हणाले. निकुंभ कसनुसं हसले.

गाडीपर्यंत पोचवायला मी एकटीच गेले. ड्रायव्हर सामान ठेवत होता. कर्नलनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तुमचे साहेब चांगले गृहस्थ आहेत. त्यांना माझा राग आलाय, पण मला त्यांचा आलेला नाही. सांगाल?"

"सांगते."

"कॅमेरा मला दुसरीकडे मिळेल. तुमच्यापेक्षा थोडा वाईट, पण मिळेल. विकणारे पुष्कळ आहेत." त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "अडचण कॅमेऱ्याची नव्हती, मॅडम. आमच्याकडे आधी एक होता, जुना. आमच्या पोरांना त्यात काय बघायचं तेच कळत नव्हतं. विकणारे कुणी शिकवत नाहीत, त्यांना घाई असते. तुमच्या साहेबांनी कातळावर झोपून शिकवलं. त्यासाठी मी त्यांचा खरंच आभारी आहे. हेही सांगा."

ते हे खोचून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते मनापासून बोलत होते. मला त्यांनी वाकून नमस्कार केला, "आईची काळजी घ्या" म्हणाले, आणि गाडी मुंबईच्या रस्त्याला लागली.

मी परत आले तेव्हा दादा शेडमध्ये होते. नव्या, रिकाम्या शेडमध्ये एकटेच फेऱ्या घालत होते.

"गेले?"

"गेले."

"काही म्हणाले?"

"तुमचे आभार मानले."

"आभार?" ते थांबले. कशाबद्दल, असं विचारतील म्हणून मी उभी राहिले. त्यांनी विचारलं नाही. "आभार मानले, म्हणजे वाईट वाटलं नाही म्हणायचं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा थोडा मोकळा झाला. "बरं झालं. मला उगीच लागून राहिलं होतं. माणूस तसा भला वाटला."

"हो," मी म्हटलं.

मार्चनंतर निकुंभांना जे सांगायचं नव्हतं ते त्यांना सांगावं लागलं. काही जणांनी हिशेब घेतला, काही सातपूरला दुसरीकडे लागले. कीर्तनेसाहेबांचे दिल्लीतले फोन काही दिवस उचलले जाईनात, मग पुन्हा उचलले जाऊ लागले. बंदर दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. शेजारच्या देशात आपल्या कुणाच्या दुकानावर दगड पडला नाही. आम्ही जे जे धोके मोजले होते त्यातलं जवळजवळ काहीच घडलं नाही, ना चांगलं ना वाईट. पुढं आपल्या सैन्याची निविदा सुटली, नवी शेड चालू झाली. दादांना पाहुणे आले की ते ही हकीकत सांगायचे. "आम्ही नाही दिले बरं का," म्हणायचे, आणि पाहुणे आदरानं बघायचे. दादा गेले तेव्हा शोकसभेत कीर्तनेसाहेबांनीही तीच सांगितली. मी पहिल्या रांगेत होते.

बातमी मात्र त्याच वर्षी, पावसाळ्यानंतर आली होती. एका रविवारी आई ओट्यापाशी स्टुलावर बसून पेपर वाचत होती. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे वाचायचं ते मोठ्यानंच. मी कणीक मळत होते. आतल्या पानावर खाली, चार ओळींची बातमी होती. त्या देशाचं नाव तिनं दोनदा नीट उच्चारून पाहिलं.

"अगं, हे तुझ्याकडे आले होते तेच ना? तो उंच माणूस, ज्यानं माझी चौकशी केली होती?"

"हो. तेच."

"जंगलात झोपलेली माणसं मारलीत म्हणे. बायका, मुलं." ती चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागली. "पहाटेच्या वेळी शोधून शोधून. असं कसं शोधलं असेल गं काळोखात?"

मी कणकेला पाण्याचा हात लावला.

"रेवती, तुम्ही दिलं नव्हतंत ना त्यांना ते यंत्र?"

"नाही, आई. नव्हतं दिलं."

"देवाची कृपा," ती म्हणाली. पेपरची घडी घातली आणि उठून तवा गॅसवर ठेवला. "बाबा असते तर त्यांनी तुमच्या साहेबांना फोन करून शाबासकी दिली असती."

"हो," मी म्हटलं, आणि पोळी लाटायला घेतली.